डोळ्यांवरची पेटी

 गटाच्या बैठकीला जमलेल्या, शेंगा फोडता फोडता ऐकणाऱ्या, म्हशीखाली बसून कान मात्र इकडे ठेवणाऱ्या सगळ्या आयाबायांना नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या आष्टी तालुक्यातल्या दोन बचत गटांच्या बैठकांना गेले होते. विषय ठरला होता रक्त वाढवण्याचा, हिमोग्लोबिनचा. पण बोलणं भलतीकडंच गेलं. एक आज्जी म्हणाली, "बाई, ते डोळ्याला पेटी बांधायचं खूळ आलंय, ते चांगलं का वाईट? जत्रेत नातवानं घातली, अन् काढल्यावर भिताडाला धरून चालायला लागला." दुसरी म्हणाली, "आता शाळेत बी आणणारेत म्हणं." तिसरी एक तरणी सून होती. सगळ्या पांगल्यावर ती हळूच जवळ आली. "ताई, माझ्या भावानं पुण्याहून तसला चष्मा आणलाय. त्याला काहीच होत नाही, अन् मी घातला तर उलटीच झाली. माझ्यातच काही खोट आहे का?"

मी आरोग्य खात्यात नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. बाईच्या तोंडून "माझ्यातच काही खोट आहे का" हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की ते कानावर पडलं की मला गप्प बसवत नाही. म्हणून आजचं बोलणं त्या पेटीवर.

इंग्रजीत तिला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. पोरं नुसतं व्हीआर म्हणतात. वर्तमानपत्रात आभासी वास्तव असं लिहून येतं. आपण पेटीच म्हणू.

तुमच्यातल्या वयस्कर बायांना जत्रेतला बायस्कोपवाला आठवत असेल. पत्र्याची पेटी, तिला गोल भोकं, भोकाला डोळा लावायचा आणि आत मुंबई बघायची. ही पेटी त्याच घराण्यातली आहे, पण दोन गोष्टी तिच्यात वेगळ्या आहेत. पहिली समजायला एक गंमत करून बघा. एक डोळा हातानं झाका आणि सुईत दोरा ओवा. लवकर ओवत नाही. कारण आपले दोन डोळे दोन जागी आहेत, प्रत्येकाला थोडं वेगळं दिसतं, आणि त्या दोन चित्रांतल्या फरकावरून मेंदू ठरवतो की वस्तू किती लांब आहे. पेटीत हेच करतात. दोन भिंगं, दोन डोळ्यांना दोन वेगवेगळी चित्रं. त्यामुळे आतलं जग भिंतीवरच्या कॅलेंडरासारखं सपाट दिसत नाही, खरोखर खोल दिसतं. दुसरी गोष्ट अशी, की तुम्ही मान वळवली की आतलं चित्रही वळतं. वर बघितलं तर आभाळ, खाली बघितलं तर दरी. बायस्कोपमध्ये तुम्ही बाहेर आणि मुंबई आत. इथं तुम्हीच आत.

हे काही कालचं नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलंड नावाच्या शास्त्रज्ञानं १९६८ साली डोक्यावर घालायचं असं यंत्र बनवलं. ते इतकं जड होतं की छताला टांगून ठेवावं लागायचं. २०१४ मध्ये गूगल कंपनीनं पुठ्ठ्याची घडी आणि दोन भिंगं एवढ्यात मोबाइल बसवून तेच काम करून दाखवलं, आणि तिथून ही वस्तू साध्या घरांत पोचली. जत्रेत जी असते ती बरेचदा हलणाऱ्या खुर्चीला जोडलेली असते. शहरात पैसेवाल्या घरांत असते ती महागाची, तिला मोबाइल लागत नाही, तिच्यातच सगळं.

आता त्या सुनेची उलटी. आष्टीहून बीडला एसटीनं जाताना तुमच्यापैकी किती जणी पदराला लिंबू बांधून बसतात? कानाच्या आत, खोल, पाण्यानं भरलेल्या बारीक नळ्या असतात. आपण हललो की ते पाणी हलतं आणि मेंदूला कळतं की आपण हलतोय. एसटीत कान सांगतो "हलतोय", आणि डोळे पुढच्या सीटवर खिळलेले, ते सांगतात "कुठं हलतोय?" दोघांची साक्ष जुळत नाही, मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. पेटीत याच्या बरोबर उलटं होतं. डोळे सांगतात, आपण डोंगरावरून खाली घसरतोय. कान सांगतो, आपण तर खुर्चीवर बसलोय. म्हणजे तेच भांडण, फक्त साक्षीदारांनी बाजू बदलली. घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं, डोकं दुखतं, उलटी होते. ज्यांना गाडी लागते, ज्यांचं अर्धं डोकं दुखतं, त्यांना हे जास्त होतं.

बायकांना जास्त का होतं, यावर बराच काथ्याकूट झाला. कुणी म्हणालं बायका नाजूक, कुणी म्हणालं पाळीमुळे. मग २०२० साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, त्यात साधी गोष्ट निघाली. आपल्या दोन बुबुळांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि बायकांचं सरासरीनं थोडं कमी असतं. पेटीतली दोन भिंगं त्या अंतराशी जुळली नाहीत की त्रास वाढतो. बऱ्याच पेट्यांची भिंगं बायकांच्या कमी अंतरापर्यंत नीट सरकतच नव्हती. ज्या बायकांना पेटी नीट बसली, त्यांचा त्रास पुरुषांइतकाच निघाला. ऐकलंस ना गं माझी बाई? खोट तुझ्यात नाही, पेटीच्या मापात आहे. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याचे पट्टेही गड्याच्या खांद्याच्या मापानं शिवलेले असतात, आणि पाठ दुखली की बाईच कमजोर ठरते.

असा त्रास झाला तर काय करायचं? पेटी लगेच काढायची. "पैसे दिलेत, पुरतं बघून घे" असं पोराला म्हणायचं नाही. सावलीत बसवा, लांबचं झाड बघायला सांगा, घोट घोट पाणी द्या. आणि एक गोष्ट घरातल्या गड्यांना बजावून सांगा. पेटी काढल्या काढल्या मोटारसायकलला किक मारायची नाही. डोकं पुरतं ठिकाणावर यायला काहींना अर्धा तास लागतो, काहींना त्याहून जास्त. तोपर्यंत तोल आणि नजर दोन्हींचा भरवसा नाही.

गरोदर बाईनं, हृदयाचं दुखणं असलेल्यानं, डोक्याचं औषध चालू असलेल्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय घालू नये, असं बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच पेटीबरोबरच्या कागदावर छापतात. त्याच कागदावर असंही असतं की लखलखणाऱ्या उजेडानं चार हजारांत एखाद्याला फिट किंवा चक्कर येऊ शकते, आधी कधी आली नसली तरी. तो कागद बारीक अक्षरात असतो आणि जत्रेतल्या तंबूत तर नसतोच. ज्या लेकराला कधी फिट आलेली आहे, त्याला तिथं नेऊच नका. आणि कुणाला आलीच, तर चप्पल हुंगवू नका, कांदा फोडू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सोडा, किती वेळ झाला ते घड्याळात बघा आणि १०८ ला फोन करा.

डोळ्यांचं मुद्दाम सविस्तर सांगते, कारण आज्जीचा खरा जीव तिथं अडकलाय. पेटीतला पडदा डोळ्यापासून बोटभर अंतरावर असतो, पण भिंगामुळे चित्र दीड-दोन मीटरवर असल्यासारखं दिसतं. गंमत अशी, की चित्रातली वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, पण डोळ्यातलं भिंग मात्र त्या ठरलेल्या अंतरावरच जमवून ठेवावं लागतं. रोजच्या जगण्यात या दोन गोष्टी जोडीनं होतात, बैलजोडीसारख्या. इथं एक बैल पुढं आणि एक जागेवर. म्हणून डोळे शिणतात, कपाळ ठणकतं. शिवाय पडद्याकडे बघताना पापणी कमी लवते, त्यानं डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. यानं डोळे कायमचे जातात, अशी अफवा मी ऐकली आहे. थोडा वेळ घातल्यानं डोळे जात नाहीत. थकवा विसावा घेतला की उतरतो.

पण लेकरांची गोष्ट वेगळी. त्यांचे डोळे अजून वाढताहेत. या पेट्या बनवणाऱ्यांतली एक मोठी कंपनी आधी तेरा वर्षांखालच्या मुलांना नको म्हणायची, २०२३ साली तिनं ते दहावर आणलं, तेही आईबापाच्या परवानगीनं. दुसरी बाराच्या आत नको म्हणते. वय खाली आणलं म्हणजे डोळे लवकर पिकायला लागले असं नाही, गिऱ्हाईक वाढवायचं असतं, हे दुकान चालवणाऱ्या बाईला कळतं. अगदी लहानांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, की दोन वर्षांच्या आत कुठलाच पडदा नको आणि त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तितकं बरं. त्यात मोबाइल आला, टीव्ही आला. घास भरवताना हातात दिलेला मोबाइलही आला, बरं का.

लांबचं न दिसण्याचा नंबर मुलांमध्ये जगभर वाढतोय. तैवान म्हणून एक छोटा देश आहे. तिथं मुलांचे चष्मे इतके वाढले की २०१० पासून शाळांनी मुलांना रोज दोन तास उघड्यावर, उजेडात ठेवायचं ठरवलं. आणि मुलांची नजर वर्षागणिक जी घसरत चालली होती, ती घसरण थांबून सुधारणा दिसायला लागली. उजेड कुठला? सूर्याचा. तो आष्टीत कमी आहे का? पाऊस कमी पडतो, पण ऊन तर आपल्याला पुरून उरतं. पोरगं सकाळ-संध्याकाळ शेरडांमागं, विटीदांडूला, लगोरीला बाहेर राहिलं तर ते डोळ्यांचं औषधच आहे. मात्र उघड्या सूर्याकडे टक लावून बघायचं नाही.

आणखी एक. पेटी घातल्यावर सगळी पोरं "अगं आई गं, केवढं खोल!" म्हणतात आणि एखादंच म्हणतं, "मला तर काहीच खोल दिसत नाही." त्याला वेड्यात काढू नका. त्याचा एक डोळा आळशी असू शकतो किंवा तिरळेपणा असू शकतो, जो वरून कळत नाही. लहानपणी कळलं तर उपचार चांगला होतो, उशीर झाला तर अवघड जातं. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका आणि ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जत्रेतली पेटी सकाळपासून रात्रीपर्यंत शंभर तोंडांना लागते. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आठवते ना? गावंच्या गावं लाल डोळ्यांनी फिरत होती. साथीच्या दिवसांत ती पेटी म्हणजे एकाच टॉवेलला शंभर जणांनी तोंड पुसण्यासारखं आहे. घाम, खरूज, उवा सगळं त्या पट्ट्यातून फिरतं. पुसून दिल्याशिवाय घालू नका. आणि उभ्यानं घालू नका. आत दरी दिसली की माणूस खरोखर मागं सरतं, आणि बाहेर मागं चूल असते, ओट्याची कड असते. जमिनीवर बसूनच घाला.

आता या पेटीचं चांगलंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती भिववायला आली. भाजलेल्या माणसाची पट्टी बदलताना बघितलंय का कधी? मी बघितलंय, नोकरीत अनेकदा. स्टोव्हचा भडका, चुलीचा पदर. ती किंकाळी कानातून जात नाही. अमेरिकेत सिॲटल शहरात हंटर हॉफमन नावाच्या संशोधकानं अशा रुग्णांसाठी पेटीत बर्फाचं जग तयार केलं. पट्टी बदलताना रुग्ण आत बर्फाचे गोळे फेकत बसतो. मन तिकडे गुंतलं की वेदनेकडे जाणारं ध्यान कमी होतं, आणि दुखणं कमी जाणवल्याचं रुग्ण सांगतात. उंचीची, विमानाची, चारचौघांत बोलण्याची भीती घालवायलाही मानसोपचारवाले पेटी वापरतात. पण तिथं बाजूला जाणतं माणूस बसलेलं असतं, किती वेळ आणि काय दाखवायचं ते त्याच्या हातात असतं. औषध आणि विष यांच्यात मात्रेचाच फरक असतो, हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही.

जिथं मी स्वतः अडखळते, ती गोष्ट पुढची आहे. दक्षिण कोरियात २०२० साली टीव्हीवर एक कार्यक्रम दाखवला. एका आईची सात वर्षांची मुलगी आजारानं गेली होती. कार्यक्रमवाल्यांनी त्या मुलीचं रूप, आवाज सगळं पेटीत उभं केलं. आईनं पेटी घातली. मुलगी समोर आली, बोलली. आई हवेत हात फिरवत राहिली, तिच्या केसांवरून. बघणारे रडले. आईनं नंतर सांगितलं की तिला बरं वाटलं. आणि बऱ्याच लोकांनी म्हटलं, हे करायला नको होतं, आईच्या दुःखाचा बाजार मांडला.

मला आपल्या बीड जिल्ह्यातली घरं आठवली. भिंतीवर हार घातलेला फोटो, कर्जापायी गेलेला कर्ता माणूस, आणि त्याखाली अभ्यास करणारी लेकरं. एका घरात मी बघितलंय, दहा वर्षांचा मुलगा रोज रात्री वडिलांचा मोबाइलमधला व्हिडिओ बघून झोपतो. लग्नातला नाच, पन्नास सेकंदांचा. त्याची आई मला म्हणाली, "बघू देऊ का नको?" मी तिला सांगितलं, बघू दे, पण तू शेजारी बस, आणि व्हिडिओ संपला की त्याच्या बापाची एखादी गोष्ट तू तोंडानं सांग. कारण व्हिडिओ पन्नास सेकंदांवर येऊन थांबतो, रोज तिथंच. आईची गोष्ट पुढं जाते. उद्या कुणी त्या मुलाला पेटीत बाप उभा करून देतो म्हणालं, तर? तेरावं, वर्षश्राद्ध हे सगळं आपल्या पूर्वजांनी गेलेल्याला निरोप देता यावा म्हणूनच लावून दिलं असावं, असं मला वाटतं. त्या आईला मी नावं ठेवणार नाही. पण लेकराला मात्र, जाणत्या समुपदेशकाशी बोलल्याशिवाय, असलं काही दाखवू नये. आणि ज्या घरात असं दुःख मुरून बसलंय, झोप नाही, जेवण नाही, मनात भलतंसलतं येतंय, त्यांनी १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. टेली मानस. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

शहरातल्या पेट्या इंटरनेटला जोडलेल्या असतात. पेटी घातलेली माणसं आत एकमेकांना भेटतात, बाहुलीसारखी रूपं घेऊन. २०२१ च्या नोव्हेंबरात अशाच एका ठिकाणी एका बाईनं तक्रार केली, की आत एका अनोळखी रूपानं तिच्या रूपाला नको तिथं हात लावला, आणि तिथल्या इतरांनी त्याला साथ दिली. कंपनीनं २०२२ च्या फेब्रुवारीत दोन रूपांमध्ये साधारण चार फुटांचं अंतर आपोआप राहील अशी सोय केली. २०२४ च्या जानेवारीत बातमी आली, की इंग्लंडात सोळा वर्षांखालच्या एका मुलीवर पेटीतल्या जगात असाच अत्याचार झाला म्हणून पोलिस तपास करताहेत.

यावर पहिली प्रतिक्रिया काय आली, ओळखा बघू. "अगं, पण खरा हात कुठं लावला? पेटी काढायची की!" हे वाक्य तुम्ही दुसऱ्या रूपात ऐकलेलं आहे. रात्री फोन करून घाण बोलणाऱ्याबद्दल तक्रार केली की म्हणतात, "फोन ठेवून द्यायचा की." तर खरा हात न लावताही अंगाला का कळतं, ते सांगते. १९९८ साली एक प्रयोग छापून आला. माणसाचा एक हात आडपडद्यामागे लपवायचा आणि त्याच्यासमोर रबराचा हात ठेवायचा. लपवलेल्या हातावर आणि रबरी हातावर एकाच वेळी कुंचला फिरवायचा. थोड्या वेळानं माणसाला तो रबरी हात आपलाच वाटायला लागतो. मेंदू इतका भोळा आहे. मग जे रूप आपण मान वळवली की वळतं, हात उचलला की उचलतं, ते आपलं न वाटलं तरच नवल. त्या मुलीच्या अंगावर ओरखडा नसेल, पण भीती, लाज, झोप उडणं खरं असतं. आपल्या कुणाच्या मुलीनं पेटीतलं किंवा मोबाइलवरचं असं काही सांगितलं, तर "तू तिथं गेलीसच कशाला" हा पहिला प्रश्न नको. पडद्यावर जे दिसलं त्याचा फोटो ठेवा, पुसू नका. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार करता येते. पैशाची फसवणूक असेल तर लगेच १९३०.

बऱ्याच महागड्या पेट्यांना बाहेरच्या बाजूला कॅमेरे असतात. घालणाऱ्याला काही दिसत नसलं तरी पेटीला खोली दिसत असते. लेकराला पाजायला बसलेल्या बाईला हे ठाऊक असावं, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आमच्या घरात कुठं आलीय ती पेटी? खरं आहे. पण पेटीसाठी डोळे, कान आणि वेळ एकदम द्यावा लागतो, आणि मोबाइलनं त्याची सवय आधीच लावलीय. म्हणून पेटी घरात यायच्या आधी काय करता येतं, त्याचं एक आपल्याच राज्यातलं उदाहरण सांगते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. कोरोनात शाळा मोबाइलवर गेली, शाळा परत वर्गात आली, पण पोरं मोबाइलमधून परत येईनात. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी १४ ऑगस्ट २०२२ ला गावातल्या बायकांची सभा बोलावली, आणि त्या सभेत भोंगा विकत घ्यायचं ठरलं. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजतो, मग चालू. गडीमाणसं आधी हसली. आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त गुरुजी घरोघर फिरले. दीड तास पोरं वाचायला बसू लागली, माणसं बोलू लागली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. मला वडगावची रीत जास्त पटते. तिथं बापाचाही मोबाइल बंद होतो. पोराचा काढून घ्यायचा आणि आपण ओट्यावर बसून व्हिडिओ बघायचे, हे पोरं दोन दिवसांत ओळखतात.

पण वडगावचा भोंगा जसाच्या तसा उचलून आष्टीत लावू नका. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला जातात. लेकरं आजीजवळ राहतात, पार मार्च-एप्रिलपर्यंत. फडात मायबाप दिवसभर कोयता चालवतात आणि अंधार पडल्यावर कोपीवर आले, भाकरी टाकली, की मग गावाकडे व्हिडिओ कॉल लावतात. सात ते साडेआठ हाच तो वेळ. त्या लेकरासाठी मोबाइल म्हणजे माय आहे. भोंगा वाजवून तिचं तोंड बंद करायचं का? एका आज्जीनं मला तिची रीत सांगितली. कॉल यायचा तेव्हा सगळे मिळून बोलतात, मोबाइल मध्ये ठेवून, भांडणंसुद्धा तिथंच. कॉल संपला की मोबाइल दिवळीत. "माय दिसली, आता अजून काय बघायचंय?" असं म्हणते ती. म्हणून तुमच्या गावचा दीड तास तुमच्या गटानं बसून ठरवा. कुठं तो पहाटेचा असेल, कुठं साडेआठच्या पुढचा.

शाळेत पेटी येणार म्हणणाऱ्या बाईचा प्रश्न राहिला. आली तर येऊ द्या. हृदय कसं धडधडतं, ज्वालामुखी कसा असतो, हे आतून बघायला मिळालं तर लेकरं विसरणार नाहीत. पण शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे, आणि तुमच्यातल्या कित्येकींची नावं त्या यादीत आहेत. नुसती सही करून येऊ नका. पुढच्या बैठकीत उठून विचारा. मुलं किती वर्षांची आहेत? एका वेळी किती मिनिटं? दहाच्या पुढं नको म्हणा. घालताना मूल बसलेलं असेल का उभं? दोन मुलांच्या मध्ये पेटी कोण पुसणार, कशानं? भिंगांचं अंतर लेकराच्या डोळ्यांप्रमाणं जुळवता येतं का? फिट येणाऱ्या मुलांची नावं गुरुजींकडे आहेत का? आत काय दाखवणार ते आधी आम्हाला दाखवाल का? आणि दाखवतो म्हणाले तर लाजू नका, पदर सावरून, खाली बसून, एकदा स्वतः घालून बघा. मळमळलं तर काढा आणि तसं समितीच्या वहीत लिहायला लावा.

पुढच्या वेळी राहिलेला रक्तवाढीचा विषय घेते. तोवर नमस्कार.